पाहुण्यांपूर्वीची साफसफाई आणि गृहस्थाचा यत्नाचार

विजयादशमी सरली की नागपूरच्या घराघरांत एक ओळखीची लगबग सुरू होते. इतवारी-महालातील जुन्या घरांच्या गच्च्यांवर गाद्या आणि रजया उन्हात पडतात. धरमपेठ-रामदासपेठेतील सदनिकांच्या बाल्कन्यांत पडदे वाळू लागतात आणि बाजारात केरसुण्या, फूलझाडू, चुना आणि रंगाचे डबे दुकानांच्या पायऱ्यांपर्यंत येतात. पुण्याहून, बंगळूरहून, क्वचित परदेशातून मुले, सुना आणि नातवंडे यायची असतात. भाऊबीजेला लेकी-जावई येतात. त्यांतल्या काहींना रामटेकच्या शांतिनाथ भगवंतांचे दर्शन घडवायचे असते. म्हणजे घर नुसते आवरलेले असून भागत नाही. चार-सहा माणसे आठ-दहा दिवस सुखाने राहू शकतील, इतके ते सिद्ध व्हावे लागते.

जैन घरात या लगबगीला आणखी एक कारण असते. अमावास्येच्या पहाटे भगवान महावीरांचे निर्वाण झाले आणि त्याच दिवशी गौतम गणधरांना केवलज्ञान प्राप्त झाले, अशी आपली परंपरा आहे. त्या पहाटे मंदिरात निर्वाण लाडू अर्पण करून परतणाऱ्या कुटुंबाला आपले घरही तितकेच निर्मळ असावे असे वाटते. मात्र हा काळ चातुर्मासाच्या अखेरचा आहे. पावसाळ्याची ओल भिंतींतून अजून पुरती गेलेली नसते. धान्यात सोंडे झालेले असतात, मोरीच्या कोपऱ्यात झुरळे असतात, माळ्यावर कोळ्यांची जाळी असतात. पूर्व विदर्भातील भातशेतीच्या पट्ट्यातून निघालेले हिरवे तुडतुडे संध्याकाळी दिव्यांभोवती गोळा होतात. घर सूक्ष्म जीवांनी सर्वाधिक भरलेले असते, नेमक्या त्याच दिवसांत ते सर्वाधिक जोराने झाडले, पुसले आणि धुतले जाते. जीवदया हा ज्यांच्या आचाराचा पाया आहे, त्यांनी या विसंगतीचा विचार एकदा शांतपणे करायला हवा.

आरंभी आणि संकल्पी

आपल्या आचार्यांनी गृहस्थाची अडचण ओळखली होती. म्हणून श्रावकाचाराच्या विवेचनात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले जातात. मारण्याच्या हेतूने केलेली ती संकल्पी. स्वयंपाक, झाडलोट, धुणीभांडी अशा घरकामात अटळपणे घडणारी ती आरंभी. गृहस्थाने संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग करावा आणि आरंभी हिंसा यत्नाने शक्य तितकी कमी करावी, अशी ही व्यवस्था आहे. आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या करताना मुळाशी ठेवला आहे तो प्रमाद, म्हणजे बेसावधपणा.

ही व्याख्या दिवाळीच्या साफसफाईला लावून पाहिली तर चित्र स्पष्ट होते. केरसुणी फिरवताना नकळत एखादी मुंगी दगावणे आरंभी हिंसेत मोडते. वर्षभर सिंकखालचा कप्पा उघडून पाहायचा नाही आणि पाहुणे येण्याच्या चार दिवस आधी कीटकनाशकाची फवारणी करून शेकडो झुरळे एका रात्रीत मारायची, हा मात्र सरळ संकल्प आहे. त्या संकल्पाची वेळ आणली ती अकरा महिन्यांच्या प्रमादाने. डास रोग पसरवतात, वाळवी घराचे लाकूड खाते, अशा वेळी काय करावे याविषयी समाजात मतभेद आहेत. काही जण अशा उपायांना विरोधी हिंसेत धरतात, तर काहींना ते मान्य नाही. परंतु ती वेळच येऊ नये म्हणून आधी झटावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

स्वयंपाकघर आणि कोठी

इतवारीतील एखादे जुने घर डोळ्यांपुढे आणावे. दोन मजले, सागवानी दारे, मधे छोटा चौक. सत्तरीच्या सासूबाई, नोकरी करणारी सून, मुलगा, शाळकरी नात आणि सकाळी दोन तास येणाऱ्या मावशी. या घरात सफाईची सुरुवात बहुधा दिवाणखान्यापासून होते, कारण पाहुणे तिथे बसणार असतात. खरे तर ती स्वयंपाकघरापासून व्हावी. जीवांची वस्ती अन्न आणि ओल यांच्या आसऱ्याने वाढते.

प्रथम धान्य. पावसाळ्यात दमट झालेल्या गव्हात आणि तांदळात सोंडे, तर डाळी-कडधान्यांत भुंगे होतात. असे धान्य कडक उन्हात पसरणे म्हणजे किड्यांना भाजून काढणे होय. ते सावलीत, मोठ्या चाळणीने हलक्या हाताने चाळावे. चाळणीखाली आलेले किडे थोड्या धान्यासह झाडाखालच्या सावलीत नेऊन ठेवावेत. रिकामी कोठी पुसून पूर्ण कोरडी झाल्यावरच भरावी. तळाशी सावलीत सुकवलेला कडुनिंबाचा पाला घालण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. पण सर्वांत चांगला उपाय म्हणजे पावसाळ्यात थोडे थोडे धान्य आणणे. अनेक दिगंबर घरांत दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ दिवस आणि हिवाळ्यात ७ दिवस मानतात. हवेत ओल वाढली की जीवोत्पत्ती लवकर होते, हे निरीक्षण त्या नियमामागे आहे. जिथे हा नियम पाळला जातो, त्या घरात दिवाळीला पिठाच्या डब्यांत शोधण्यासारखे फारसे काही उरत नाही.

झुरळांचेही तसेच आहे. रात्रीची खरकटी भांडी, ठिबकणारा नळ आणि भिंतीतील फटी या तीन गोष्टी त्यांना पुरतात. भांडी निजण्यापूर्वी घासावीत, नळाचा वायसर बदलावा, फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवाव्यात आणि मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी. फट बुजवण्यापूर्वी आत कोणी जीव अडकलेला नाही ना, हे टॉर्चच्या उजेडात पाहायला अर्धे मिनिट लागते. मुंग्यांची रांग दिसली तर ती कोणत्या डब्याकडे चालली आहे ते पाहून तो डबा हलवावा आणि सांडलेली साखर उचलावी. काही वेळाने रांग आपोआप मोडते.

झाडण्या-पुसण्याचाही क्रम आहे. ओले फडके थेट फिरवले तर फरशीवरचे बारीक जीव त्यात चिकटून मरतात. म्हणून आधी मऊ झाडूने, शक्यतो उजेडी झाडून घ्यावे आणि मगच पुसावे. चूल आणि भांडी पुंजणीने झाडून घेण्याची पद्धत जुन्या घरांत याचसाठी होती. मुनिराजांची मोरपिसांची पिच्छी आणि श्वेतांबर साधूंचे लोकरीचे रजोहरण यांमागेही हीच दृष्टी आहे. माळ्यावरील जळमटांकडे लांब काठीच्या झाडूने धावून जाण्यापूर्वी जाळे रिकामे आहे की त्यात कोळी आहे, हे पाहावे. कोळी असेल तर पेला आणि जाड कागद यांच्या साहाय्याने त्याला बाहेरच्या झाडावर सोडता येते. धुळीने भरलेली बहुतेक जळमटे सोडून दिलेलीच असतात. ती काठीला गुंडाळलेल्या मऊ फडक्याने निघतात.

कूलरची टाकी

नागपूरच्या साफसफाईत एक काम असे आहे, जे इतर अनेक शहरांत निघत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या या शहरात खिडकीला लटकलेला कूलर ही घरोघरची वस्तू आहे. पावसाळ्यात तो बंद होतो, पण अनेकदा टाकीच्या तळाशी पाणी तसेच राहते आणि पावसाची त्यात भर पडते. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. त्याची मादी अंडी घालते ती पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, टाकीच्या आतल्या भिंतीला चिकटवून. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरताच त्यांतून अळ्या निघतात. म्हणून नुसते पाणी ओतून टाकल्याने काम पुरे होत नाही. टाकीच्या भिंती ब्रशने घासाव्या लागतात.

येथे अहिंसेचा प्रश्न टोकदार होतो, कारण अंड्यांतही जीव आहे. हे टाळण्याची खरी वेळ दिवाळी नव्हे, कूलर बंद करण्याचा दिवस होती. पहिल्या पावसानंतर टाकी रिकामी करून, कोरडी पुसून, कूलर उलटा झाकून ठेवला असता तर त्यात काही जन्मलेच नसते. हंगाम चालू असतानाही आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण कोरडी केली की अळीला डास होण्याइतका अवधी मिळत नाही, आणि हे सातत्याने झाले की मादीला अंडी घालण्यासाठी ती जागाही मिळत नाही. यंदा ते राहिले असेल तर टाकी घासणे भाग आहे, कारण डेंग्यूने आजारी पडणारे नातवंडही पंचेंद्रिय जीवच आहे. पुढील वर्षासाठी मात्र घरच्या कॅलेंडरवर जूनच्या पानावर ही नोंद आजच करून ठेवावी. फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा आणि गच्चीवरचे जुने टायर यांनाही हाच नियम लागू आहे.

बाटल्यांतील धोका

घाईत केलेली सफाई माणसांनाही इजा करते. शौचालय स्वच्छ करण्याच्या अनेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते, तर ब्लीचिंग पावडर घरोघरी असते. दोन्ही एकत्र केल्यास दुप्पट स्वच्छता होईल या समजुतीने काही जण ती एकाच वेळी ओततात. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो डोळे आणि श्वासनलिका जाळतो, आणि दमेकऱ्याच्या जिवावर बेतू शकतो. एका वेळी एकच द्रव्य वापरावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि दार-खिडकी उघडी ठेवावी. चुकून वायू झाल्यास काम सोडून तत्काळ मोकळ्या हवेत यावे. तांब्या-पितळेच्या भांड्यांना चिंच आणि मीठ, तेलकट पंख्यांना कोमट पाणी व धुण्याचा सोडा एवढे पुरेसे असते. स्वस्तही पडते.

पाहुण्यांसाठी ट्रंकेतून काढलेल्या गोधड्या-रजयांना डांबराच्या गोळ्यांचा उग्र वास येतो. त्या गोळ्यांतील नॅफ्थलीन काही तान्ह्या बालकांना घातक ठरते. ज्यांच्या रक्तात जी-६-पी-डी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटतात. बाळात ही कमतरता आहे की नाही, हे आईबापांना बहुधा माहीतही नसते. म्हणून तान्हे मूल येणार असेल तर अशा रजया आठवडाभर आधी काढून धुवाव्यात, वाऱ्यावर टाकाव्यात, आणि पुढच्या खेपेस गोळ्यांऐवजी कडुनिंबाचा सुका पाला वापरावा.

जुन्या घरांच्या दारा-खिडक्यांचा तेलरंग हा तिसरा धोका. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, अधिक नसावे असा नियम देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे किती असेल हे सांगता येत नाही. असा रंग कोरडा असताना पॉलिशपेपरने घासला की त्याची धूळ घरभर बसते आणि रांगणाऱ्या मुलांच्या हातावाटे पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा होणारा परिणाम भरून येत नाही. रंग घासायचाच असेल तर तो ओला करून घासावा, मुलांना आणि गर्भवतींना त्या खोलीपासून दूर ठेवावे, आणि पडलेली धूळ न झाडता ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. भिंतींना चुना देण्याची जुनी पद्धत या दृष्टीने अधिक निर्धोक आहे. फक्त चुना भिजवताना तो चांगलाच तापतो, तेव्हा डोळे जपावेत.

हात कोणाचे?

सासूबाई स्टुलावर चढून माळा आवरतात, सून कचेरीतून आल्यावर रात्री अकरापर्यंत डबे घासते आणि मावशींकडून दोन तासांच्या वेतनात चार तासांचे काम होते, हे दृश्य अपवादात्मक नाही. पायाखालचे स्टूल निसटून सत्तरीत मांडीचे हाड मोडले, तर दिवाळी रुग्णालयात जाते आणि पुढचे कित्येक महिने चालणे थांबते. साठीच्या पुढील कोणीही उंचावर चढू नये, हा घराचा नियमच असावा. चढणारा तरुण असला तरी शिडी धरायला दुसरे माणूस हवे. पंखा पुसण्यापूर्वी नुसते बटण नव्हे, मेन स्विच बंद करावा. उंच मजल्यावरील खिडकीची बाहेरची बाजू पुसण्यासाठी कोणालाही सज्जावर उभे करू नये. काच थोडी मळकी राहिली तर पाहुणे परत जात नाहीत.

मावशींना जादा कामाचे जादा पैसे मिळावेत, तेही दिवाळीच्या बक्षिसीपेक्षा वेगळे. त्यांच्याही घरी दिवाळी असते आणि त्यांचे घर आवरायला कोणी येत नाही. आम्ल किंवा ब्लीचिंग हाताळताना त्यांना रबरी हातमोजे द्यावेत. घरातील पुरुषांनी आणि मुलांनी कामाची वाटणी कागदावर लिहून घ्यावी. या विदर्भाला केरसुणीची प्रतिष्ठा शिकवली ती १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी. गावात शिरताच ते आधी रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनातून स्वच्छतेबरोबर पशुबळी बंद करण्याचा उपदेश करीत. झाडणे आणि जीवदया त्यांनी एकाच हाताने केली. अशा प्रदेशात केर काढणे हे एकट्या सुनेचे काम समजणे शोभत नाही.

आलमारीतील परिग्रह

पर्युषणातील दशलक्षण धर्मात उत्तम शौच आहे, आणि त्याचा अर्थ लोभाचा अभाव असा आहे. भाद्रपदात त्यावर प्रवचन ऐकलेले असते. आश्विनात आलमारी उघडली की त्याची परीक्षा होते. न वापरलेले भांड्यांचे सेट, बिघडलेले मिक्सर, न बसणारे कपडे, कधीतरी लागतील म्हणून ठेवलेले रिकामे डबे. प्रत्येक वस्तूमागे धूळ साठते आणि धुळीत जीव वाढतात. वस्तू कमी तर झाडावे कमी लागते, आणि झाडावे कमी लागले तर आरंभही कमी होतो. व्यापारी ज्याप्रमाणे वर्षअखेरीस न खपणारा माल वेगळा काढतो, त्याप्रमाणे वर्षभरात एकदाही हात न लागलेली वस्तू वेगळी काढावी. द्यायची असेल तर धुऊन, दुरुस्त करून, वापरता येईल अशीच द्यावी. फाटके कपडे दुसऱ्याच्या घरी पोहोचवल्याने दान घडत नाही.

कागदांच्या गठ्ठ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. न वापरलेले जुने चेक आणि मुदत संपलेली कार्डे कापून टाकावीत. विम्याची कागदपत्रे, मुदत ठेवींच्या पावत्या आणि घराचे दस्तऐवज एका फाइलीत आणून ती फाइल कुठे आहे हे घरातील दोघांना तरी ठाऊक असावे. वडिलांच्या नावाचे एखादे विसरलेले पासबुक सापडले तर ते रद्दीत टाकू नये. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यांतील रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग करतात, पण त्यामुळे हक्क संपत नाही. खातेदार किंवा वारस मूळ बँकेकडे मागणी करून ती परत मिळवू शकतात. अशा ठेवींचा शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे पोर्टल सुरू केले आहे. ठेवींवर वारसनोंद आहे का, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

तीर्थंकरांची चित्रे असलेली कॅलेंडरे, पत्रके आणि लग्नपत्रिका यांचा प्रश्न प्रत्येक जैन घरात असतो. रद्दीत दिल्यास अविनय होतो, आणि ठेवल्यास गठ्ठा वाढतो. सुस्थितीतील ग्रंथ मंदिराच्या ग्रंथालयाला द्यावेत. उरलेल्यांचे काय करावे हे मंदिराच्या व्यवस्थापकांना विचारावे. आणि आपल्या घरच्या पुढील पत्रिकेवर भगवंतांचे चित्र न छापण्याचा निर्णय आजच घ्यावा.

घरातून निघालेला केर शेवटी कुठेतरी जातोच. नागपूरचा कचरा भांडेवाडीला जातो, आणि तिथेही माणसे राहतात, माणसे काम करतात. ओला व सुका कचरा वेगळा ठेवावा. काचेचे तुकडे आणि ब्लेड कागदात गुंडाळून वर लिहावे. रंगाचे डबे, औषधे, ट्यूबलाइट आणि बॅटऱ्या निराळ्या द्याव्यात. फुटकी काच उघडी टाकली तर ती सफाई कामगाराच्या हातात रुतते.

विजयादशमी ते लक्ष्मीपूजन या काळात वीस तिथी असतात. पहिल्या पाचांत स्वयंपाकघर आणि कोठी, म्हणजे कोजागिरीपर्यंत तो भाग संपतो. पुढच्या पाचांत आलमाऱ्या आणि कागद, मग माळा, कूलर व न्हाणीघर, आणि शेवटी पाहुण्यांची खोली. रोज एक-दीड तास, उजेडी, सर्वांनी मिळून. जे या वीस दिवसांत झाले नाही, ते राहू द्यावे. अमावास्येच्या पहाटे मंदिरात जायचे आहे आणि त्या पहाटे घरातील कोणीही थकव्याने झोपलेले असू नये.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, मुनिसंघांत पिच्छी-परिवर्तनाचे सोहळे होतात आणि मुनिराज पुढे विहार करतात. पाहुणेही तोवर परतलेले असतात. त्या मोकळ्या घरात आठवड्याला एक कप्पा उघडून पुसण्याची सवय लावून घेतली, तर पुढच्या दसऱ्याला गच्चीवर फक्त गाद्या टाकायच्या उरतील.